खाचरात ताडाएवढं पाणी

कॅम्प ४, उल्हासनगर
८ फेब्रुवारी १९९१

प्रिय मधू,

वेणूआत्या आपल्या लग्नाची वैशाखातली तारीख धरायला निघाली आहे आणि तुला माझं उत्तर हवं आहे. ते लिहिते. पण आधी इथलं ऐक. तुला सांगितल्याशिवाय मला काही घडल्यासारखंच वाटत नाही.

मोटवानी सरांच्या क्लासात मी फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकते आहे. खाली जीन्स शिवायचा कारखाना, त्यामुळे सर ओरडूनच शिकवतात. माझ्या पीएच.डी.चा विषय तुला ठाऊक आहे: भाताच्या खाचरातलं पाणी किती मुरतं, किती उडून जातं. हे हिशेब हाताने करायला जन्म पुरणार नाही, म्हणून संगणक. पहिला प्रोग्राम चालला तेव्हा मी हरखले. मग छापलेला कागद वाचला. श्रावण संपेपर्यंत आपल्या खाचरात ताडाएवढं पाणी! सर म्हणाले, "बेटा, ये खेत है या बारवी डॅम?"

चूक काही सापडेना. रविवारी घरी गेले, पडवीत वाट्या मांडल्या, पाण्याऐवजी चिंचोके घेतले आणि तुळशीवहिनीला संगणक केलं. एक वाटी पावसाची, एक खाचराची, एक जमिनीची. मी प्रोग्रामची ओळ वाचायची, तिने तेवढेच चिंचोके हलवायचे, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. "सासरी आल्यापासून दुसरं काय करतेय?" म्हणाली. खाचराची वाटी शिगोशीग भरली तरी ती वर रचतच राहिली, आणि चिंचोके घरंगळून पडवीभर झाले. तेव्हा मला दिसलं. जास्तीचं पाणी बांधावरून पुढच्या खाचरात जातं, हे मी लिहिलंच नव्हतं. बांधावर वाढलेली मी. ते काय सांगायचं असतं, असं मनाने धरूनच चालले होते. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मशीन को सब बताना पड़ता है. ये बहू नहीं है, जो इशारे से समझ जाए."

आम्ही चिंचोके गोळा करतोय तोच पालेगावाहून आत्या, तुझी आई, आली. "पीएचडी पीएचडी म्हणतात ती हीच का गं?" बहिणीचं ऐकून आण्णांना हसून हसून ठसका लागला. मग आत्याही पदर खोचून आमच्याबरोबर वेचायला बसली. जाताना माझी हनुवटी धरून म्हणाली, "वैशाखात ये आमच्याकडे, मग काय खेळायचं ते खेळ." मी उरलेले चिंचोके वेचत राहिले.

मधू, मी वैशाखात येऊ शकत नाही. मुंबईच्या एका संस्थेने मला चैत्रापासून त्यांच्या मोठ्या संगणकावर काम करायला बोलावलं आहे. पाऊस लागला की खाचरातली मोजणीही यंदाच करायची आहे. मला अर्धवट सून व्हायचं नाही आणि अर्धवट कामही करायचं नाही. भटजींना सांगून पत्रिकेत काहीतरी काढू, लग्न आपोआप वर्षभर पुढे जाईल, असं तू म्हणालास. माझ्यासाठीच म्हणालास, पण तसं करू नकोस. ग्रहांवर ढकललं तर आत्या वर्षभर उपास करत बसेल. तिला सांग, भागी लग्नाला नाही म्हणत नाही, स्वतःच्या कामासाठी एक वर्ष मागते आहे. ती रागावेल, माझ्यावरच रागावू दे. आणि तुला थांबणं जड वाटत असेल तर तेही सरळ लिही, मी ऐकून घेईन. मला वैशाख तुझ्याबरोबरच हवा आहे. फक्त पुढच्या वर्षीचा.

तुझीच,
भागी