राखणदार, अंक अठ्ठावन्न

दिग्रस,
२२ जानेवारी २००६

प्रिय निकिता,

सप्रेम नमस्कार. काकूंना आणि पुंडलिकमामांना माझा नमस्कार सांग. इकडे सगळे ठीक. थंडीनं आईचे गुडघे धरलेत. बाबा हल्ली कमी बोलतात, बाकी बरे आहेत.

तुला बाभुळगावला जाऊन महिना होत आला. मामांचा पत्ता मी कॉलेजच्या ऑफिसातून मागून घेतला, रागावू नकोस. भगवानकाकांच्या तेराव्याला मला यायचं होतं. ताप होता.

आपल्या राखणदार मासिकाचा साठावा अंक आला. स्टँडवरच्या पेपरवाल्या रामधनकडे पूर्वी पंचवीस प्रती यायच्या, आता चार येतात. "ताई, तुमची ती मैत्रीण नाही येत का आता?" असं त्यानं विचारलं. बाहेरगावी गेली, एवढंच मी सांगितलं.

आपलं नोव्हेंबरातलं भांडण माझ्या डोक्यात अजून घोळतं. एक्केचाळिसावा अंक वाचून आपण दोघी कॉलेजच्या पायऱ्यांवर रडलो होतो, आठवतं? गोष्टीतल्या राखणदाराच्या मागे कंदील धरून चालणारा म्हातारा सोनबा धरणाच्या दरवाज्याचं चाक छातीशी धरून मेला आणि खालची सात गावं वाचली. त्या अंकावर आपण मासिकाला चार पानी पत्र पाठवलं, तू सांगितलेलं, मी लिहिलेलं. मग अठ्ठावन्नाव्या अंकात नवा लेखक आला आणि म्हणाला, चाक सोनबानंच तोडलं होतं. सोनबा पहिल्यापासून फितूर होता, आपण वाचलं तो सगळा राखणदाराचा गैरसमज.

तू तिथल्या तिथे अंक मिटलास. "मेलेला माणूस बोलत नाही म्हणून त्याच्यावर काहीबी टाकाचं? मी नाही वाचत आता," म्हणालीस. मी तुला उलट सांगितलं की जुना अंक ज्यांनी वाचलाय तेच सोडून गेले, तर मागे फक्त नवा वाचणारे उरतील. मग सोनबा कायमचाच फितूर. म्हणून आपण वाचत राहायचं आणि त्यांना लिहीत राहायचं. तू म्हणालीस, "अकरा रुपये देऊन खोटं वाचू का?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

साठाव्या अंकात वाचकांच्या पत्रांचं पानच काढून टाकलंय. तिथे साबणाची जाहिरात आहे. तुझं मत अजून तेच आहे का, कळव.

कापसाची जिनिंग मिल पुन्हा सुरू झाली. यंदा कापूसच कमी, त्यामुळे एकाच पाळीत चालते. मी कॉलेजला जाताना आता मागच्या रस्त्यानं जाते.

उत्तर पाठव.

तुझी,
भैरवी

---

बाभुळगाव,
४ फेब्रुवारी २००६

भैरवी,

पत्र भेटलं. राखणदाराचं तू मले कायले लिहितं?

जिनिंगच्या आगीच्या चौकशीच्या कागदाची नक्कल आली आईच्या नावानं. त्यात लिहून हाय का मयत भगवानराव हे बिडी ओढत होते आन् त्यांच्याच बिडीनं रुईले आग लागली. माह्या बाबानं जिंदगीत बिडी हातात धरली नाही. तुह्या घरी चहा पेत होते तेवढंच काय ते व्यसन. आईनं तो कागद फेकून देला. मी उचलला, वाचला, आन् मंग दिवसभर जेवली नाही.

खाली मॅनेजर म्हणून सही तुह्या बाबाची हाय. अक्षर तुहं हाय. तीन वर्षं मी सांगत होती आन् तू लिहीत होती, तुहा 'भ' मले झोपेतही ओळखू येते.

दोन गोष्टी सांग. ते तू काहून लिहिलं? आन् त्या दिवशी तू जिनिंगमधी गेलती का? जिनिंगातली बिजलीबाई म्हणते गेलती. तिनं तुले पाह्यलं.

सोळा तारखेले यवतमाळले चौकशी हाय. बिजलीबाई येऊन राह्यली. तू मले उत्तर दे नाहीतर नको देऊ, पण ख्यालीखुशाली लिहू नको.

निकिता

---

दिग्रस,
९ फेब्रुवारी २००६

निकिता,

गेले होते.

नऊ डिसेंबर, शुक्रवार. बाबा डबा घरीच विसरले म्हणून मी साडेअकराला जिनिंगवर गेले. ऑफिसच्या दारात काका उभे होते, भुवयांवर रुईचे तंतू. मी त्यांच्या मागे थांबले. ते बाबांना सांगत होते, "साहेब, तीन नंबरची मशीन ठिणग्या मारून राह्यली. बंद करा ना. आत बाया हायेत."

बाबा म्हणाले, "आज गाडी भरून द्यायची आहे, भगवानराव. संध्याकाळपर्यंत चालवा, मग मिस्त्रीला बोलावतो. तुम्ही आहात ना लक्ष ठेवायला."

काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं. मग वळले, मला पाहून हसले. "काय भैरवी, आमची निकी कॉलेजातच हाय का?" मी हो म्हटलं. ते आत गेले.

मी डबा ठेवून लगेच निघायला हवं होतं. ऑफिसात चहा आला म्हणून बसले. अर्ध्या तासानं ओरडा ऐकू आला. मी बाहेर धावले तोवर शेडच्या पत्र्याखालून धूर येत होता आणि बाया पदर तोंडाला लावून बाहेर पळत होत्या. काका दारात उभे राहून एकेकीला मोजत होते. "दोन कमी हायेत," म्हणाले आणि आत गेले. बाबा "भगवानराव, नका जाऊ" असं ओरडले, हेही खरं आहे, तेही तुला सांगायला हवं. आधी बिजलीबाई बाहेर आली, तिच्या मागे कुणीतरी ढकलल्यासारखी दुसरी एक बाई. मग आत रुईचा ढीग कोसळला. मी बिजलीबाईला पाणी पाजलं. घाईत निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

काकांना शेवटी बाहेर काढलं, पण तेरा तारखेला दवाखान्यात ते गेले. पंधराला बाबा जबाबाचा कच्चा कागद घरी घेऊन आले. मालकांच्या वकिलानं लिहून दिलेला. मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू नीट कागदावर उतरव." तिसऱ्या परिच्छेदात बिडी आली तशी मी थांबले. "बाबा, काका बिडी ओढत नव्हते. ते तर तुम्हाला सांगायला आले होते."

बाबांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "मशीनचा दोष लिहिला तर जिनिंगला टाळं लागेल. चाळीस माणसं आहेत तिथे, भैरवी. कापसाची ही अशी गत, दुसरं काम कुठे आहे त्यांना? भगवानराव तर गेले. त्यांना आता काय फरक पडतो?"

मी लिहिलं. सगळं लिहिलं. कच्च्या कागदात 'निष्काळजीपणा' चुकीचं लिहिलं होतं, ते मी दुरुस्त केलं. तू विचारलंस काहून लिहिलं, तर मला याहून चांगलं उत्तर सापडत नाही, की बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. शाळेपासून घरातलं सगळं लिहायचं काम माझंच. हात लिहीत गेला आणि मी त्याला थांबवलं नाही.

तेराव्याला मला ताप नव्हता. तुमच्या घरापर्यंत आले होते. काकू अंगणात बसल्या होत्या. तिथूनच परत फिरले. तुला सोनबाबद्दल लिहिलं, कारण काकांबद्दल लिहायची हिंमत नव्हती, आणि तरी तुझ्याशी कशाबद्दल तरी बोलायचंच होतं.

काल बाबांना सांगितलं, सोळा तारखेला मी येणार आणि पाहिलं ते सांगणार. त्यांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "खोटा जबाब दिला म्हणून मला आत टाकतील. हे कळतंय ना तुला?" मी म्हटलं, कळतंय. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, मला म्हणाली, "अगं, मैत्रिणीसाठी बापाला उभं करशील का तू तिथे?"

तू तिथे असशील का, माहीत नाही. असशील तर माझ्याकडे पाहू नकोस. तू पाहिलंस तर मला बोलता येणार नाही.

भैरवी

---

दिग्रस,
१८ फेब्रुवारी २००६

निकिता,

तू आली नाहीस. काकू आल्या होत्या, मामांबरोबर मागच्या बाकावर. त्यांच्याकडून तुला बरंचसं कळलंच असेल. तरी माझ्या हातानं लिहिते.

चौकशी अधिकाऱ्यांच्या खोलीत मालकांचा वकील होता, बाबा होते. माझं नाव यादीत नव्हतं. मी उभी राहून सांगितलं की मला बोलायचं आहे. वकील म्हणाला, ही व्यवस्थापकांची मुलगी, हिचा इथे काय संबंध? साहेबांनी बाबांना विचारलं, "त्या दिवशी ही तिथे होती?"

बाबा म्हणाले, "नाही. ती कॉलेजात होती."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत बाबांना खोटारडे म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि ती अशी आली, लोकांसमोर.

तेवढ्यात बिजलीबाई उठली. तिचा डावा हात अजून बांधलेला आहे. "साहेब, हे पोरगी होती. इनं मले पाणी पाजलं. अर्धं माह्या अंगावर सांडलं. मी कायले खोटं बोलू? मले भगवानभाऊनं भाईर काढलं, बिडीवाल्यानं नाही."

साहेबांनी बाबांना पुन्हा विचारलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "डबा आणला होता तिनं."

मग मी सगळं बोलले. तीन नंबरची मशीन, ठिणग्या, गाडी भरायची होती ते, काका दारात मोजत होते ते. जबाब माझ्या अक्षरात आहे आणि मजकूर कुणाचा होता, तेही सांगितलं. साहेबांनी बाबांना विचारलं, मशीनचं तुम्हाला सांगितलं होतं का? बाबा गप्प राहिले. साहेबांनी 'उत्तर दिले नाही' असं लिहून घेतलं.

बिडीचं वाक्य अजून कुणी खोडलेलं नाही. खोटं सांगायला नको म्हणून लिहिते. कागद वर जातील, दोन महिने लागतील म्हणाले. पण त्या वाक्याला लागून आता माझा आणि बिजलीबाईचा जबाब आहे. ते वाचणाऱ्याला हेही वाचावं लागेल.

येताना बाबा आणि मी एकाच बसमध्ये होतो. ते पुढे, मी मागे. दारव्ह्याला गाडी थांबली तेव्हा ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले. दिग्रसपर्यंत उठून गेले नाहीत. काल मालकांनी त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. खोट्या जबाबाचं पुढे काय होईल, अजून कुणाला माहीत नाही. आई आम्हा दोघांशीही बोलत नाही. तीन ताटं वाढते आणि स्वतःचं आत नेऊन जेवते.

नोव्हेंबरात मी तुला वाचत राहायला सांगत होते. त्या वेळी मला फक्त वादात जिंकायचं होतं. त्या वाक्याची किंमत मला ठाऊक नव्हती. तू बरोबर होतीस, निकिता. ज्याच्या माणसावर खोटं लिहिलं गेलं, त्यानं अंक मिटून ठेवावा, तो त्याचा हक्क आहे. त्याला कुणी 'वाचत राहा' म्हणू नये. मी मात्र सोडणार नाही. एकसष्टावा अंक आणला. त्यात सोनबाचं नावही नाही, जणू असा कुणी नव्हताच. मी मासिकाला लिहिलं आहे, पुढच्या महिन्यातही लिहीन. मला सोडून द्यायचा हक्क नाही.

येत्या शुक्रवारी मी बाभुळगावला येते. साडेअकराच्या गाडीनं उतरेन आणि चारच्या गाडीनं परत जाईन. मामांच्या घरी येणार नाही, स्टँडवरच्या बाकावर बसेन. काकूंसमोर उभं राहायला तू नेलंस तर येईन, नाहीतर नाही. तू आली नाहीस तरी मी समजून घेईन असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला फार वाईट वाटेल. तरीही तुला यावंसं वाटलं नाही, तर येऊ नकोस.

'तुझी' हा शब्द मागच्या वेळी आणि या वेळीही लिहिलेला नाही. तो मी लिहायचा की नाही, ते आता तू ठरव.

भैरवी