मृगांकचं ताट

भाईंदर (पूर्व),
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय जितेश,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पाणी एक दिवसाआड येतंय, मिनल पुण्यात मजेत आहे, तिच्या पोराला दात यायला लागलेत आणि माझी शिफ्ट बदलून सकाळची झालीय. आईला थंडीमुळे जरा खोकला आहे. तुझा जुना नंबर लागत नाही, नवा आमच्याकडे नाही, म्हणून हे पत्र. चेण्याला तुमच्या सेटच्या गेटवर मी स्वतः आणून देणार आहे. रिक्षाने काय तो अर्धा-पाऊण तास. एवढ्या जवळ तू रोज माणसांचं रक्त पितोस आणि आम्हाला ते टीव्हीवरून कळतं, कमाल आहे बाबा.

आईने तुझी सिरीयल एक दिवस चुकवली नाही. मृगांक म्हणजे आपला जितेश हे बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नाही. केस वाढवलेस, नाव बदललंस, त्यात ते पिवळे डोळे आणि दात. कोण ओळखणार? शेजारच्या जागृतीबेनकडे मोठा टीव्ही, म्हणून आम्ही तिथे बघायला जायचो. तू कोणाच्या मानेला तोंड लावलंस की ती तुला गुजरातीत आणि हिंदीत, दोन्हीकडून शिव्या घालायची. आई पदर तोंडाला लावून गप्प. घरी आली की म्हणायची, "बारीक झालाय." दोनशे वर्षांचं पिशाच, आणि हिला त्याच्या जेवणाची काळजी.

नवरात्रातला तो एपिसोडही आम्ही तिथेच बघितला. मृगांक असा का झाला, ते दाखवलं तो. सगळं तपकिरी रंगात, जुनं वाटावं म्हणून. हवेली, ठाकुराचं पोर, खोकल्यातून रक्त पडतंय. त्याची आई त्याला तबेल्यात झोपवते. त्याचं ताट वेगळं, तेही ती काठीने पुढे ढकलते. मग ते म्हातारं पिशाच येतं आणि पोराच्या कपाळावर हात ठेवतं. आणि पोर हसतं. कारण किती महिन्यांनी कोणीतरी त्याला हात लावलेला असतो.

जागृतीबेन ढसाढसा रडली. म्हणाली, "असली डायन तो इसकी माँ है." आई म्हणाली, "हां, बराबर."

मी ताटाकडे बघत होते. पितळेचं ताट आणि कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, चि. मृगांक. अरे, हिंदी सिरीयलमधल्या हवेलीत ताटावर 'चि.' कोण कोरतं? ते आपल्या भाईंदरच्या भांड्यांच्या गाळ्यात कोरतात. तू कोणाला तरी बसून सगळं सांगितल्याशिवाय ते तिथे येणार नाही. बरं केलंस की वाईट, मला माहीत नाही. खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. आपल्या घरात त्या ताटाबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता, कोणीतरी काढला एकदाचा. मग मी आईकडे बघितलं आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

घरी आल्यावर ती भांडी घासायला बसली. मी म्हटलं, आई, सिरीयल आहे ती, काहीही दाखवतात. ती म्हणाली, "काहीही कुठे? खरं तेच दाखवलं. फक्त काठी नव्हती."

मी काही तिची वकिली करायला बसलेले नाही. मी पण त्याच घरात होते. तुला टीबी झाला तेव्हा मिनल पाळण्यात होती. एकच खोली, म्हणून तुला पॅसेजमध्ये पडद्याआड झोपवायचे. आई दिवसभर कारखान्यात ताटांना पॉलिश मारायची आणि घरी येऊन तुझं ताट पॅसेजमधल्या पडद्याबाहेर ठेवून मागे सरायची. तू जेवलास की राखेने घासायची, परत वेगळं ठेवायची. तू बरा झालास तरी ते ताट काही आमच्या ताटांत आलं नाही, आणि नंतर तूही आला नाहीस. बाबांच्या तेराव्याला आलास, दारात उभा राहिलास आणि पाणीसुद्धा न पिता गेलास. मी तुला दोष देत नाही. एवढंच सांगते, कारण हे तुला माहीत नसणार. गाळ्यात नाव घालणारा काशीनाथ तिला म्हणाला होता, वेगळं ओळखायचंय ना, मग बारीक फुली मारून देतो, नाव कशाला? ती म्हणाली, नाव घाल आणि आधी चि. घाल, पोराला वाटू दे नवीन ताट भेट आणलंय. तुला तसं वाटलं नाही. अकरा वर्षांच्या पोराला सगळं कळतं.

आता घोडं कुठे अडतंय ते लिहिते. वर मी थंडीमुळे खोकला असं लिहिलं. थंडी कसली आलीय भाईंदरात. आईला टीबी झालाय. कधीपासून अंगावर काढत होती देव जाणे, पदर तोंडाला लावायची तो खोकला दाबायला. दसऱ्यानंतर रक्त पडलं तेव्हा कळलं. औषध चालू आहे, पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की फार उशिरा आणलंत, छातीच्या दोन्ही बाजू गेल्यात. मिनललासुद्धा अजून एवढं स्पष्ट सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा लिहितेय.

घरी आल्या आल्या तिने स्वतःचं ताट वेगळं काढलं. मी ओरडले, ऐकते कुठे. गोळ्यांचं बघायला दवाखान्यातून शेवंती सिस्टर येतात, त्यांनी ते ताट बघितलं. म्हणाल्या, "आजी, भांडी वेगळी करू नका. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताटाने नाही पसरत."

आईने विचारलं, "तेव्हापण नव्हता पसरत?"

सिस्टरना काय माहीत कोणतं तेव्हा. त्या हसून म्हणाल्या, "कधीच नव्हता हो."

जितेश, त्या दिवसापासून ती जेवत नाही. म्हणजे दोन घास घेते आणि हात धुते. मी रागावते, समजावते, म्हणते, आई, तुला तेव्हा डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं ना, तुझी काय चूक? ती म्हणते, डॉक्टरांनी ताट सांगितलं होतं, हात लावू नको असं नव्हतं सांगितलं. मला तिचा राग येतो, तुझा येतो आणि त्या सिरीयलवाल्यांचा तर फारच येतो. रोज सकाळी कामाला जाताना वाटतं, परत येईपर्यंत ही असेल ना.

तुला कळवू का म्हणून दोनदा विचारलं. नाही म्हणाली. त्याची छाती आधीच नाजूक, इथे खोकल्याच्या घरात त्याला आणू नकोस, म्हणाली. बघ, अजूनही तेच. लांब ठेवणं हीच तिची माया, दुसरी तिला येत नाही.

आता आम्ही घरीच माझ्या फोनवर सिरीयल बघतो. काल जाहिरात लागली. शुक्रवारी महाएपिसोड, मृगांकचा अंत. तू जमिनीवर पडलायस, छातीत लाकडी खुंटा, डोळे उघडे. भिंतीपलीकडे जागृतीबेनकडून टाळ्यांचा आवाज आला. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि उलटा ठेवला. मग म्हणाली, "स्वाती, त्याला पत्र लिही."

मला वाटलं, पाघळली, ये म्हणून लिहायला सांगणार. पण तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "त्याला म्हणावं, सगळं खोटं असतं ते मला कळतं. पण त्याच्या साहेबांना सांगून थोडं पुढे ढकल म्हणावं. आधी मी जाते. मी असेपर्यंत त्याने मरू नये."

हा तिचा निरोप. ये असं ती म्हणालेली नाही, मी म्हणतेय.

तुमचं शूटिंग केव्हाच झालं असणार, एका म्हातारीसाठी कोणी एपिसोड थांबवत नाही, एवढं मलाही समजतं. आणि ती बघितल्याशिवाय राहणार नाही, तेही माहीत आहे. म्हणून शुक्रवारी आठच्या आत घरी ये. डॉक्टरांना विचारलंय, मास्क लाव, खिडकी उघडी ठेवू, चालतं. काही बोलू नकोस, माफ कर असंही नको आणि केलं असंही नको. तिला काहीच ऐकायचं नाहीये. फक्त तिच्या शेजारी बस आणि तिचा हात हातात धर. फोनमध्ये तू मरशील तेव्हा तिला बाजूला, तुझ्याकडे बघता आलं पाहिजे.

वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघतेय.

तुझी,
स्वातीताई