तुझा तळहात आणि गरम पाण्याची पिशवी

आई, लेकीची मान आखडलीय म्हणून काल कोठीच्या बाजारातून गरम पाण्याची पिशवी आणली. दुकानदार म्हणाला, "उबलता पानी नक्को डालो अम्मा, आधेसे थोडा ज्यादा भरो, हवा निकालके ढक्कन कसो." एवढं आपणहून सांगतोय म्हणजे मालातच खोट असणार, असं मला लगेच वाटलं. घरी येऊन पिशवी भरून दोनदा उलटी धरली. गळत नव्हती. माझा हा संशयी स्वभाव तुझ्यापासूनच सुरू झाला, हे तुला कधी सांगितलं नाही.

गौलीगुड्याचं आपलं स्वयंपाकघर. मी सातवीत, पाठ धरली म्हणून शाळा बुडवून चटईवर पालथी पडलेय. तू भाकऱ्या उरकतेस, पिशवी भरतेस, तळहातावर दाबून "कुठे गरम आहे?" म्हणतेस आणि फडकंसुद्धा न गुंडाळता माझ्या पाठीवर ठेवतेस. मी किंचाळले, तर "नाटकं पुरेत" म्हणालीस. संध्याकाळी फोड आला. तू मलम लावलंस, पण तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. त्या गप्प बसण्यावरून मी ठरवून टाकलं की तू मला मुद्दाम भाजलंस. इतकी वर्षं तेच धरून बसले. तू गेलीस त्या दिवशी रडतानासुद्धा मला पाठीवरचा तो डाग आठवत होता, याची आता लाज वाटते.

आज सकाळी भाकऱ्या झाल्यावर मी पिशवी भरली, तळहाताने पाहिली. कोमट वाटली. मानेवर ठेवणार, तोच लेकीने बोट लावून झटकन मागे घेतलं. "मम्मी, केवढी हॉट आहे ही! तुला फील होत नाही?" मला खरंच कळलं नव्हतं. तिने पिशवी टॉवेलात गुंडाळली, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली, फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावला. मी माझे तळहात बघत राहिले. तव्यावरची भाकरी मीही तुझ्यासारखी हातानेच उलटते.

म्हणजे तुझ्या हातालाही कळलं नसेल. पण मग "नाटकं पुरेत" का म्हणालीस? तुला ठाऊक होतं का? हा कागद घडी करून मी पिशवीच्या खोक्यात ठेवून देतेय. त्या दिवशी गणिताची परीक्षा होती, आई. माझी पाठ दुखत नव्हती.