शून्यापासून मोजायचं

मंगळवार, १७ नोव्हेंबर

गेला! कॉम्प्युटर गेला. लाइट गेली, परत आली, आणि आता नुसता काळा पडदा. वर इंग्रजीत दोन ओळी, खाली एक रेघ लुकलुकते. बास.

मी हात लावला नव्हता. देवाशप्पथ. धूळसुद्धा पुसली नव्हती.

हे पडले त्या दिवशी त्यातच डोकं घालून बसले होते. मशीन चालू केलं की आधी कोण जागं होतं, मग ते कुणाला उठवतं, असलं काहीतरी. मला समजावत होते, मी ठकीला भरवत नुसती हं हं करत होते. मध्येच उठले. "अर्धवट आहे, हात लावू नकोस. आलोच." दूध आणायला निघाले आणि जिन्यावरून थेट खाली. डोक्यावर.

तेव्हापासून दवाखान्यात. डोळे उघडे, पण बघत कुठेच नाहीत.

ठकीचे सगळे फोटो त्या डब्यात. आणि ती पहिल्यांदा हसली तो व्हिडिओ — मागे ह्यांचं बेसूर गाणं. ह्यांचा आवाज घरात तेवढाच उरलाय. तोही गेला.

बुधवार, १८

मोठे भाऊजी आले. ह्यांचे थोरले भाऊ. वाईट नाहीत, पण बोलतात तोडून. ह्यांच्या खाटेपाशी उभं राहूनच सांगितलं — अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, शनिवारी तिथे न्यायचं. तू ठकीला घेऊन आईकडे जा. "तो गेलाय गं. नुसतं शरीर आहे. तुझं वय काय, पोरीचं वय काय!"

डॉक्टरही तेच म्हणतात. समजत असेल असं वाटत नाही.

मी हो म्हटलं. काय म्हणणार? आठवीतनं काढलेली मी, दोन मोठ्या माणसांपुढे.

बुधवार, संध्याकाळी

भात करपला. तसाच खाल्ला. कोण आहे नावं ठेवायला.

गुरुवार, १९

कॉम्प्युटरवाल्याला पडद्याचा फोटो पाठवला. ह्यांच्या ओळखीचा, दुकान आहे त्याचं. म्हणाला, "वहिनी, आतलं सगळं शाबूत असेल. मशीनला फक्त कळत नाहीये की उठून जायचं कुठे." हातानं तीन ओळी लिहायच्या, त्यात दोन आकडे. कुठली डिस्क, आणि तिचा कितवा भाग. आकडे ज्यानं बसवलं त्यालाच माहीत. नाहीतर दुकानात आणा, पुसून नवं टाकतो. उगाच अंदाजानं काही टाकू नका.

टाकते कशाला! माझी तर बटणांना हात लावायचीच छाती होत नाही.

पण मनात आलं — ज्यानं बसवलं त्याला विचारावं.

ठकीला समोरच्या काकूंकडे ठेवलं आणि गेले. ह्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, अहो, पहिला आकडा कोणता टाकू? मी मोजते, बरोबर आला की माझं बोट दाबा. सिस्टर हसली, "पेशंटला पाढे शिकवताय का?"

मी तोंड उघडायच्या आतच बोट दाबलं त्यांनी! मग मी एक म्हटलं — काही नाही. दोन — काही नाही. परत विचारलं. परत तसंच. एक म्हणायच्या आधीच दाबायचं, मग मेल्यासारखा हात.

तीनदा झालं. भाऊजी मागेच उभे होते. म्हणाले, नसा ओढतात त्या. डॉक्टर सांगत होते ना? चल आता, वेड्यासारखं करू नकोस.

घरी येऊन ठकीसमोर बसले. ती बोळक्यानं हसली. तिला काय सांगू?

शुक्रवार, २०

सकाळी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, पुसून टाका म्हणायला. मशीन न्यायला माणूस पाठवतो म्हणाला. मी सहज विचारलं, एवढ्याशा डब्यात डिस्क तरी किती असतात हो? म्हणाला, तुमच्यात दोन. शून्य नंबरची आणि एक नंबरची.

शून्य?

"हो वहिनी, मशीन डिस्का शून्यापासून मोजतं. भाग मात्र एकपासून. ज्यानं केलं तो जाणे!"

फोन हातातून पडायचा राहिला. मी एकपासून मोजत होते! हे शून्यालाच दाबत होते. आणि मी शून्य म्हणतच नव्हते.

त्याला म्हटलं, माणूस पाठवू नका. आणि त्या तीन ओळी एकेक अक्षर करून लिहून घेतल्या. कंस कुठे, तिरकी रेघ कुठे, सगळं दोनदा विचारलं. वैतागला असेल.

काकूंच्या दारात ठकीला टेकवलं, चपला पायात उलट्या, तशीच पळाले.

अहो, पहिला आकडा? शून्य — दाबलं. पुन्हा विचारलं. शून्य — दाबलं.

आता दुसरा. एक. दोन. तीन. चार. हात गार पडलेला. मला वाटलं, संपलं. पाच — असं दाबलं की अंगठी रुतली.

भाऊजी नव्हते तेव्हा. सिस्टर पलीकडे होती, तिनं पाहिलं नाही. कोण खरं मानणार?

आता पडद्यासमोर बसलेय. त्या तीन ओळी टाकायच्या आधी एवढं लिहून ठेवते. चुकलं तर हेच खरं — नसा ओढतात. मग उद्या ह्यांना न्यायला गाडी येईल.

शनिवार, २१

शून्य, पाच. चालू झालं. ठकी हसतेय, मागे ते बेसूर गाणं.

भाऊजींना सांगितलं, गाडी परत पाठवा.

म्हणजे ह्यांना सगळं ऐकू येत होतं. खाटेपाशी बोललो ते सगळं. माझं हो सुद्धा.