हिरव्या लुगड्याचे त्रिकोण

आये,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता दीड महिना तू दर दुपारी माझ्यावर रागावत होतीस. हे कुणाला तरी सांगायला हवं. बायकोला सांगितलं तर ती आधी माझी साखर तपासेल.

तुझी नात सातव्या महिन्यात होती तेव्हा तिचा पुण्याहून फोन आला. "बाबा, बाळाला पहिल्यांदा आजीच्या लुगड्याच्या गोधडीवर निजवायचंय. कारागिरांकडून नको, तुम्ही स्वतः शिवा." पनवेलात माझं पडदे-गाद्यांचं दुकान आहे, वरच्या माळ्यावर बारा मशिनी चालतात, पण स्वतः सुई धरून मला वीस वर्षं झाली असतील. आणि तुझं लुगडं एकच उरलंय, हिरवं. तुझे कपडे देऊन टाकले त्या दिवशी ते मागच्या दोरीवर वाळत होतं, म्हणून राहिलं. चुकलं तर दुसरं आणायचं कुठून?

मला आपलं सैपाकघर दिसतं. चुलीवर भात रटरटतोय, आणि एसटी स्टँडजवळच्या शिंप्यांकडून आणलेलं चिंध्यांचं गाठोडं सोडून तू पाटासमोर बसली आहेस. दोन रंगांचे चौकोन तोंडाला तोंड लावून ठेवतेस, खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारतेस, रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, सोडून टाके घालतेस आणि मग थेट रेघेवरून कातर चालवतेस. उघडलं की दोन चौकोन, प्रत्येकात दोन रंगांचे दोन त्रिकोण. मला ती जादूच वाटायची. मी घाईने उघडायला जातो आणि सुई टोचू नये म्हणून तू बोटात घातलेलं पितळी टोपण पाटावर वाजतं. ठक. "वढू नको रे! तिरपं कापलंय ते, रबरासारखं वाढतं. मग कोपरं जुळायचं नाय." तू हात कधी उगारला नाहीस, ते ठक पुरे व्हायचं. इस्त्री म्हणजे निखारे घातलेला तांब्या, तोही फिरवायचा नाही, नुसता ठेवायचा आणि उचलायचा. चौकोन मुळात मापापेक्षा मोठे घ्यायचे. शेवटी डब्याच्या पत्र्याचा तुझा तो चौकोनी तुकडा, खिळ्याने तिरकी रेघ ओढलेला. ती रेघ शिवणीवर बसवायची आणि बाहेर राहील ते छाटायचं. "पयलं मोठं, मग मापात." पुढे धंद्यात भाव सांगताना मी नेमकं हेच केलं. तुला ते आवडलं नसतं.

पहिल्या दुपारी वीज गेलेली, मशिनी गप्प, कारागीर जेवायला खाली. मी पहिली जोडी शिवली, कापली, आणि उघडताना जरा ओढली. ठक. माझे कान तुला माहीत आहेत. कुठल्या मशिनीला तेल हवंय ते मी जिन्यावरून सांगतो. ते लाकडावर पितळच होतं. वळून बघितलं तर उरणकडची कारागीर मावशी तेवढी डबा उघडून बसलेली.

"शेठ, पाटावर कोन ठोकतंय?"

"कुठल्या पाटावर, मावशी?"

तिने चारी बाजूंना बघितलं. आमच्याकडे पाट नाही, सगळी लोखंडी टेबलं. "मग नाय," ती म्हणाली, आणि डबा उचलून खाली गेली. तेव्हापासून ती दुपारी वर थांबत नाही.

मी व्यापारी माणूस, पारखून घेतलं. दुसरं कापड मुद्दाम ओढून बघितलं, काही नाही. हिरवं हातात घेतलं की मात्र ठक. आधी दारापाशी, मग पाठीमागे, मग कोपराजवळ, आणि शेवटी शेवटी तर मी ओढायच्या आधीच. एकदा वीज नव्हती, इस्त्री गार होती, तरी उचललेला तुकडा गरम लागला. एकही त्रिकोण वाया गेला नाही, आये. प्रत्येक शिवण कोपऱ्यात जाऊन टेकली.

मावशीला न सांगताच कळलं. एकदा जिन्यात अडवून म्हणाली, "वस्तू राहिली का मानूस पन राहतं, शेठ. आयला किती अडकवून ठेवणार? लुगडं जाऊ द्या पोरीकडं. त्या पन सुटतील." मी हसून म्हटलं, "मावशी, तुमी दुकान बंद पाडणार माझं." पण ती खरं बोलली हे मला ठाऊक आहे. गोधडी पुण्याला गेली की या माळ्यावर बारा मशिनींचाच आवाज उरेल.

हे पत्र कुणाच्या पत्त्यावर टाकू? घडी करून खिशात ठेवीन.

गोधडी आठ दिवसांपूर्वी पुरी झाली. आता चुकायला काही उरलं नाही, म्हणून तू ठोकत नाहीस. पण दुपारी ती घेऊन बसलो की माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी सावकाश श्वास घेतं, आणि मी वळून बघत नाही. काल पोरीचा फोन आला. "नववा लागला, बाबा. झाली का?" मी म्हटलं, "अजून दोन ओळी राहिल्यात गं." गोधडी तेव्हा माझ्या मांडीवर होती.