माझ्या नावावरचं कर्ज

३ जून

बँकेने कर्जाला नाही म्हटलं. कारण एका ओळीत – स्कोअर कमी.

ज्या लॅबमध्ये इतकी वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतेय ती आमचे मालक, काका, विकताहेत. बाहेरच्याला देण्याआधी मला विचारलं त्यांनी. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. आणि स्कूटरचा एक हप्ता कधी चुकवला नाही मी! मग कमी कसा?

४ जून

बँकेतल्या मॅडमनी बसवून घेतलं, समजावलं. स्कोअर म्हणजे पगार नव्हे, शिल्लकही नव्हे. घेतलेलं कर्ज वेळेवर फेडता का, मुख्य ते बघतात. तीनशेपासून नऊशेपर्यंत असतो. माझा पाचशेच्या जेमतेम वर. म्हणाल्या, आकड्याकडे बघत बसू नका, सगळा रिपोर्ट काढा. आपला आपण बघितला तर स्कोअर उतरत नाही. पण चार बँकांत अर्ज टाकत सुटू नका, त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते.

मी आधीच आणखी दोन ठिकाणी टाकून बसलेय. शहाणी!

६ जून

रिपोर्ट आला. स्कूटरचं कर्ज – फिटलेलं, स्वच्छ. त्याखाली दुसरं एक. मी कधीच न घेतलेलं. नाव माझं, जन्मतारीख माझी. फोन नंबर दोनदा वाचला. धाकट्याचा जुना नंबर. भाऊ घरातून निघून गेला त्याला दोन वर्षं झाली. तो नंबर बंद होईपर्यंत रोज लावत होते मी.

दुकान टाकायचं म्हणून माझे कागद मागितले होते त्याने. “पत्त्याचा पुरावा हवाय गं ताई, लगेच आणून देतो.” आणूनही दिले होते.

तो गेला त्या महिन्यापर्यंत सगळे हप्ते वेळेवर. त्यानंतर एकही नाही.

म्हणजे कर्ज झेपेना म्हणून गेला.

७ जून

कामात लक्ष नाही. एक कवळी वाया घालवली.

१० जून

मॅडमकडे पुन्हा. हे कर्ज माझं नाही अशी हरकत घेता येते, ते सह्या तपासतात. पण फसवणूक म्हटली की पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. “कुणी केलंय, कल्पना आहे?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

नाहीतर पूर्ण फेडा. तडजोड करून कमी भरलं तर तसा शेरा वर्षानुवर्षं राहतो. पूर्ण फेडलं तरी चुकलेले हप्ते दिसतातच, स्कोअर हळूहळू चढतो. महिनाअखेरपर्यंत चढेल? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

१५ जून

आईला सांगितलं. मला वाटलं रडेल. नाही रडली. त्याचे कपडे तिने कधीच देऊन टाकलेत, नाव काढत नाही. तो आता नाहीच असं धरून चालते ती.

“तक्रार कर,” म्हणाली. “पोलीस तरी शोधतील त्याला.”

उठून ओटा पुसायला लागली. पुसून झालेला पुन्हा पुसला. मग माझ्याकडे न बघता – “आणि सापडला तर आत टाकतील. हो ना?”



२२ जून

हरकतीचा अर्ज भरला. पाठवला नाही.

३० जून

लॅब गेली. नव्या मालकाने मला ठेवून घेतलंय, पगार तोच. उपकार केल्यासारखं सांगितलं. काका निघताना माझ्या टेबलापाशी थांबले, हातातली कवळी घेऊन उजेडात बघितली, परत ठेवली आणि गेले. मी दिवसभर कवळ्यांचे दात घासून गुळगुळीत करत बसले. दुसरं काय करणार होते?

५ जुलै

काही नाही. तेच.

१८ ऑगस्ट

रिपोर्ट पुन्हा काढला. कशाला, माझं मला कळत नाही. स्कोअर तिथेच.

त्या कर्जावर गेल्या महिन्यात एक हप्ता जमा झालाय. मी भरलेला नाही.

आईला हाक मारते.