डेक्लनची फेरतपासणी

१ सप्टेंबर २०२०
कोरोनापायी परतीचं विमान तिसऱ्यांदा रद्द. आणि आजपासून हरणांच्या शिकारीचा मोसम. चहा गाळत होते तेव्हाच रानातून पहिला बार ऐकू आला. प्रसन्न म्हणाला, "आई, तुझं फिरणं बंद. फेब्रुवारीपर्यंत." झालं! मार्चमध्ये सहा आठवड्यांसाठी आले होते. नासच्या पलीकडच्या या आयरिश खेड्यात माझं म्हणून काय आहे? रानातला तो एक तास. तोही गेला.

३ सप्टेंबर
गेलेच. न सांगता. अंगावर मातकट शाल, तसलीच कानटोपी. झुडपातून ओरडणं ऐकू आलं — "जीझस!" शेजारचा डेक्लन, रायफल खाली करत. मला हरीण समजला होता. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! घरी बोलले नाही.

१२ सप्टेंबर
माझं फिरणं बंद झालं म्हणून यामिनीनं गावाकडे अर्ज काढलाय — रानात रायफलबंदी. सूनबाई कामाची आहे हो. पहिली सही माझी.

२० सप्टेंबर
गावाची बैठक झूमवर. सगळं आमच्या बाजूनं चाललं होतं. तेवढ्यात एक दाढीवाला म्हणाला, सरसकट बंदी नको, फक्त मोठ्या रायफली बंद करा, लहान चालू द्या, त्या कमी धोक्याच्या. सगळे लागले ग्रँड, ग्रँड करायला, म्हणजे इथलं ‘उत्तम, चालेल’. यामिनीसुद्धा! मला राहवेना. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीत काढली मी. माझ्या इंग्रजीत सांगितलं — लहान गोळीही मैलभर जाते. हरीण मरत नाही, जखमी होऊन तडफडत फिरतं. बंदूक केवढी ते सोडा, हरणामागे काय आहे ते बघा. गोळी रुतायला मातीचा चढ असेल तरच बार काढा.

एकट्या डेक्लनच्या टाळ्या. ना सरसकट बंदी, ना अर्धी; अर्ज बारगळला.

२१ सप्टेंबर
यामिनी म्हणाली, "आई, तुम्ही आपल्या बाजूनं होतात ना?" होते ना! म्हणून काय चुकीचं पास करू? कारखान्यात काडतुसांचा अख्खा लॉट नापास करताना मी साहेबाचंसुद्धा तोंड बघितलं नाही कधी.
ती दिवसभर फुगून होती. थालीपिठं मात्र दोन खाल्ली.

४ ऑक्टोबर
डेक्लन कुंपणाशी आला. हातात नारिंगी जॅकेट, माझ्यासाठी. गावानं ठरवलंय — शिकार फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, मचाणावरून, मागे चढ असेल तिथंच. बाकीचे दिवस रान माझं. प्रसन्न कुरकुरत हो म्हणाला. झेंडूच्या फुलासारखी दिसत होते, पण दीड तास फिरले. ओढ्याशी बसून थोडी रडलेसुद्धा.

२२ नोव्हेंबर
तिकीट मिळालं! १९ डिसेंबर. अखेर आपलं घर. डेक्लन अंगणात आला होता, चकल्या दिल्या, सात खाल्ल्या. त्याचा रायफलचा परवाना नव्यानं काढायचाय, ओळखीची दोन नावं लागतात. त्यात एक माझं टाकलंय. "लीला, तू तर एक्स्पर्ट!" छाती फुगली माझी, खोटं कशाला लिहू.

२९ नोव्हेंबर
डेक्लन पुन्हा चहाला, अंगणातच. रायफल नुसती जीपला टेकवलेली. रिकामी आहे का विचारलं. "ग्रँड, ग्रँड." म्हटलं, उघडून दाखव. बोल्ट, म्हणजे रायफलची कडी, मागे ओढला तर काडतूस टुणकन माझ्या पायरीवर. तो हसला — "एकच तर होतं!" मला हसू आलं नाही. माझं फिरणं ज्यानं परत दिलं, तोच हा माणूस.

२ डिसेंबर
पोलिसांचा फोन आला. या माणसाच्या हातात रायफल द्यावी का? प्रसन्न समोरून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. मी म्हटलं, नाही. लॉट नापास. महिनाभर रोज माझ्यासमोर बोल्ट उघडून दाखवू दे, मग फेरतपासणी.
फोन ठेवला आणि प्रसन्नला सांगितलं, तिकीट पुढं ढकल.